मंडालेत चहा खातात

पोलादपुरात अशी आवई होती, की हैबती मोऱ्यांनी जपानच्या लढाईत मंडालेला एक बायको केली आणि तिला तिथेच टाकून ते परत आले. साफ खोटं. मंडालेत ते जिच्या ओट्यावर बसत ती सत्तरीची म्हातारी होती, तिला दात नव्हते आणि ती चहा विकायची. प्यायला नव्हे, खायला.

इथेच सगळं बिनसलं. हैबतीआबा पलटणीत आचारी होते. एस.टी.च्या थांब्यासमोर कोंडाजीच्या हॉटेलात बसले, की आधी दोनदा खाकरत, मग उजवा गुडघा थोपटत आणि मंडाले सुरू.

"गाव सपाट हाय रे, नि बाजूला एकच डोंगुर. पायथ्याला दोन पांढरे सिंव, ह्या हाटेलापेक्षा उंच. जोडे थितंच काढायचे नि अनवाणी चढायचं. वरपत्तोर देवळंच देवळं. वरनं नदी बगितली का आपली सावित्री व्हाळ वाटते."

इथवर लोक माना डोलवत. पण "थितं चहा खातात" म्हटलं की हॉटेल खिदळायचं. चहा खोटा, म्हणजे डोंगर खोटा, सिंह खोटे, नदीही खोटी! "आबा, तुम्ही पुण्याच्या छावणीत कांदे चिरत होतात," असं कोणीतरी म्हणायचंच. घरी बायकोचं, प्रयागबाईंचं, वेगळंच. "चहा खाल्लात ना? भरवला कुणी, तेवडं सांगा!"

यात प्रस्तुत लेखकाचा हातभार मोठा. खाकरणं, गुडघा, 'डोंगुर', सगळं तो हुबेहूब करी. लोक आबांसमोरच त्याच्याकडून मंडाले मागू लागले.

शेवटी आबा उसळले. "लाव पैज! मी करून वाढतो. एकानं जरी पुन्यांदा मागितलान, तर तुजी नक्कल बंद."

"आणि कोणीच नाही मागितलं तर?"

"तर माज्या तोंडात मंडालेचं नाव येनार नाय."

लेखक खुशीत हो म्हणाला. चहाचा चोथा दुसऱ्यांदा मागणार कोण?

आबांनी कोंडाजीकडून मोठ्या पानांचा चोथा घेतला, कडूपणा जाईस्तोवर धुतला, मीठ-लिंबू चोळून बरणीत मुरवला. बाजाराच्या दिवशी त्यात तळलेली लसूण, तीळ, शेंगदाणे आणि मूठभर भाजलेली सुकट घातली. प्रयागबाईंनी बोटाने चाखलं.

"सुकट त्या म्हातारीनं सांगितलीन?"

"व्हय गो."

"मग बाई आपल्यातलीच हाय," असं म्हणून त्यांनी स्वतः वाढायला घेतलं. बायकोची आवई तिथेच मेली.

हॉटेलात सगळ्यांनी तोंड वाकडं करून घास घेतला. मुरारी शिंपी "वाईट नाही" म्हणाला, पण मागितलं नाही. बशा एकेक करून बाजूला सरकल्या. आबा गुडघा थोपटायचेही विसरले.

लेखक जिंकल्याच्या थाटात उठला. पाठ झालेलं 'मंडाले' सुरू करायला दोनदा खाकरला, लसणीचा अडकलेला तुकडा जिभेवर आला, आणि तोंडातून निघाला तो त्याचा स्वतःचाच आवाज.

"आबा, अजून थोडं आहे?"