पाळण्याच्या कडीचा दिवा

सिरसाळ्यातलं घर बांधताना वच्छलाबाईंनी स्लॅबमध्येच, बैठकीच्या मधोमध, एक लोखंडी कडी सोडून घेतली होती, नातवंडाच्या पाळण्यासाठी. धाकटी म्हणा, थोरली म्हणा, एकुलती एक सून बबिता त्या कडीला पार विटली होती. घरात येणारी बाई आधी कडीकडं बघायची, मग तिच्याकडं, आणि मग पाणी मागायची. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मूल न होण्याचा दोष तिच्या नवऱ्यात, रामेश्वरात आहे असं स्पष्ट सांगितलं होतं. ते फक्त नवराबायकोलाच ठाऊक. त्यानं ‘कुणाला बोलू नको’ म्हटलं आणि ही खुळी गप्प बसली.

कडी कापा म्हणावं तर सासूनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण तिथं दिवा टांगला तर कोण काय बोलणार? रामेश्वरला कितीदा सांगितलं. जीपच्या फेऱ्यांतून त्याला सवड होईना. शेवटी मोबाइलवर पाइपाच्या तुकड्यांचा दिवा बघून बबिता स्वतःच हार्डवेअरच्या दुकानात गेली.

“वैनी, मालकाला पाठवा. तुमाला न्हाई जमायचं,” दुकानदार हनुमान म्हणाला.

“तुमी सामान द्या,” ती म्हणाली.

पाइप जोडायचा तीन तोंडांचा टी, दोन एल्बो म्हणजे वाकडे जोड, पाइपाचे तुकडे, बल्बचे दोन होल्डर, वायर, साखळी. घरी येऊन बघते तर होल्डरचे आटे एल्बोत बसेनात. परत दुकान. तिथून आणलेला, मोठ्या तोंडाला लहान करणारा रिड्युसरही बसेना. तिसऱ्यांदा गेली तेव्हा दुकानाच्या बाकावर बसलेले दोघे तोंड लपवून हसले. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तिनं एमसील मळला आणि होल्डर थेट एल्बोत चिकटवून टाकले. पक्कं वाळल्यावर ध्यानात आलं, वायर आत ओवायचीच राहिली. तिला हातोडी भिंतीवर फेकावीशी वाटली. तिनं ती होल्डरवर चालवली. नवे आणले. वायर वळणात अडकायला लागली तेव्हा दोऱ्याला नट बांधून तो आधी पाइपातून सोडला आणि मागून वायर ओढून घेतली, मगच होल्डर चिकटवले.

संध्याकाळी रामेश्वर आला. स्टुलावर चढून त्यानं साखळी कडीत अडकवली, वायर जोडली.

“एवढा कशापायी जीव टाकतीस ह्याच्यावर?”

 आपण हे कशासाठी केलं ते याला खरंच कळत नाही, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

दिवा लागला. शेजारच्या बायडाबाई उजेड बघून आत आल्या. “लई झाक झालंय की,” त्या म्हणाल्या. मग नेहमीच्याच सुरात, “अन् पाळणा कुठं बांधायचा गं?”

बबितानं स्टूल उचलायला घेतलं होतं, ते तिथंच ठेवलं.

“ते ह्यांनाच इचारा, मावशी.”

रामेश्वर पक्कड पुसत राहिला. ती हलली नाही. आज ती त्याला सोडवणार नव्हती, हे त्यालाही उमगलं असावं.

“हिच्यात काय बी न्हाई, मावशी,” तो खाली बघत म्हणाला. “डॉक्टरनं दोष माझ्यातच सांगितलाय.”

स्वयंपाकघराच्या दारात वच्छलाबाई उभ्या होत्या, हात पिठानं भरलेले. 

“मग मी हिला काय काय बोलले,” त्या म्हणाल्या, आणि तिथंच उंबऱ्यावर बसल्या.