आमच्या गल्लीतले सहा होल

गोल्फ म्हणजे मोकळी जमीन अडवून बसायची श्रीमंतांची रीत. हे मी पत्रकात छापून वाटलंय आणि मागे घेणार नाही. अशाच एका क्लबात पप्पांनी आयुष्यभर साहेबांच्या काठ्यांची बॅग वाहिली. गुडघे गेले तसं त्यांना घरी बसवलं. निरोपाचा चहासुद्धा नाही.

घरी बसून त्यांनी घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या गल्ल्यांत कोर्स बसवला. सळई वाकवून काठी केली. प्लास्टिकचा बॉल. फरशी फुटलेली तिथे होल, असे सहा.

"एकदा खेळ गो बाय."

"त्यांनी तुम्हाला हमाल केलं, आणि तुम्ही त्यांचाच खेळ खेळताय?"

फुटक्या फरश्यांची यादी मी पत्रकात दिली, वॉर्ड ऑफिसात खेटे घालून एक बुजवूनही घेतली. तो त्यांचा तिसरा होल होता. दुसऱ्या दिवशी तिथे खडूनं गोल काढून ते खेळले.

मग पुनर्विकास आला. संमतीच्या सह्या दारोदार फिरून मीच घेतल्या. पक्कं घर हवंच होतं, आजही म्हणते. पप्पांनी सही केली आणि विचारलं, "आता तरी खेळशील?"

घरं रिकामी केली त्या सकाळी मी खेळले, उपकार केल्यासारखी. आणि खरं सांगते, कोर्स झकास होता. शेजारणीच्या ओट्यावर आपटून बॉल वळवायचा, पायरी पायरीनं उतरवायचा. नळापाशी जोर जास्त झाला की गेला गटारात.

"हळू मार गो! मोर्चो आसा काय?"

किती हसले मी. या गल्ल्यांतून इतकी वर्षं पत्रकं वाटली, पण उतार कुठे कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. सहावा होल झाल्यावर म्हटलं, "पप्पा, परत पहिल्यापासून?" पण पहिल्या होलपाशी पत्रे ठोकायला माणसं आली होती.

आता आम्ही मुलुंडला, भाड्याच्या घरात, सातव्या मजल्यावर. टेकडीवर अजून एक वीट चढलेली नाही; त्याचंच पत्रक लिहितेय. काल काठी काढून पप्पांच्या हातात दिली. बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी एकच फटका मारला, तोही हलका. गुळगुळीत लादीवरून बॉल सरळ लिफ्टच्या दारावर जाऊन आपटला.

"हयसर थांबतच नाय गो," म्हणाले, आणि काठी परत दारामागे ठेवली.

बॉल मी जाऊन आणला.