बदामाएवढं खोटं

मी वसईतल्या एका सेंटरमध्ये एमआरआय काढतो. दिवसभर लोकांची डोकी बघायची आणि संध्याकाळी उमेळ्याला परतायचं, तर घरात बोलायला एकही डोकं नाही. आई गेली, धाकटा भाऊ तुरुंगात. फार एकटं वाटतं, आणि त्यात दोष माझाच आहे.

विहिरीच्या वाटेवरून भांडण झालं आणि भावानं कुदळीच्या दांड्यानं शेजाऱ्याचा पाय मोडला. मग घरी येऊन पोटभर जेवला. गाव म्हणालं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मला ते पटेना. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. समोरचा घाबरला की ते आपल्याला जाणवतं, त्यात त्याचा मोठा वाटा. काही निर्दय गुन्हेगारांत तो मंद चालतो, असं मी वाचलं होतं. भाऊ जामिनावर सुटून आला तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या परक्यांना मशीनमध्ये घालतोस. याचंही बघ की, काय कमी आहे ते."

डोकेदुखीचं निमित्त करून मी त्याला सेंटरवर आणला. रिपोर्ट आला, नॉर्मल. त्या बदामाचं विचारलं तर आमचे डॉक्टर म्हणाले, "अरे, ते संशोधन पुष्कळ जणांची सरासरी काढून होतं. एकट्याच्या फोटोत स्वभाव दिसत नाही." इतकी वर्षं या कामात घालवून मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण आई पडवीत वाट बघत बसली होती. मी सांगून टाकलं, "तो भाग लहान आहे त्याचा. जन्मापासूनच."

आई रडली आणि हसलीही. तिच्या वाढवण्यात खोट नव्हती. घरी रोझरीच्या प्रार्थनेला येणाऱ्या बायकांना तिनं ते सांगितलं, आणि शिक्षा झाल्यावर तुरुंगात जाऊन भावालाही. मी अडवलं नाही. त्याच समाधानात ती गेली.

चर्चमध्ये तिची महिन्याची मिस्सा झाल्यावर मी भावाला भेटायला गेलो. तो काचेपलीकडे येऊन बसला.

"पाय मोडला तेव्हाचं त्याचं ओरडणं रोज कानात यायचं, दादा," तो म्हणाला. "माफीचं पत्रपण लिहिलेलं. आई बोलली, तुला वाईट वाटूच शकत नाही, मशीनमध्ये तसं आलंय. मग फाडून टाकलं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मग मला वाटत होतं, ते काय होतं?"

आता खरं सांगायला हरकत नव्हती. आई नव्हती, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. भेटीची वेळ संपेपर्यंत मी त्याला जेवण कसं मिळतं ते विचारत राहिलो.