पाच गुंडांतला एक

चिंचेनं पितळ घासल्याचा आंबट वास आला, की मी कामाला होतो तो भंडाऱ्यातला भांड्यांचा कारखाना आठवतो. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायची तर सगळ्यांना हातोडे थांबवावे लागत. एकदा सामन्याच्या चहापानात आमच्या गप्पा मजुरीवर आल्या. "पन मालकाले सांगन कोन?" मी म्हटलं. शेजारचा कारागीर उठला आणि मालकापुढे पाच जणांनी घडवलेले, पाणी भरायचे पाच पितळी गुंड ठेवून म्हणाला, "वाजवून पाहा. माहा ओळखला तं मजुरी वाढवा. नाही ओळखला, तं उद्यापासून मी येत नाही." कॉमेंट्री पुन्हा सुरू झाली, पण कोणाचंच लक्ष नव्हतं. मालकानं बोटानं एकेक गुंड वाजवला, तिसऱ्यावर थांबला आणि हसला. "हा तुहाच. वाढवतो." पुढे नोकरीत पगारवाढ मागायला मी कितीदा साहेबाच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. पाच गुंडांतला माझा कोणता, हे मलाच सांगता आलं नसतं.