परत बोलावलेली क्लिप

पुरुषोत्तमकाकांचं काम चुकलेला माल परत बोलावण्याचं. इथे परदेशात, आमच्या शहराच्या पेनरोज भागातल्या एका खाद्यपदार्थांच्या डेपोत ते क्वालिटी बघतात. लोणच्याच्या एखाद्या बॅचमध्ये काचेचा कण सापडला, की ती बॅच गेलेल्या प्रत्येक डेअरीला, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानाला, ते स्वतः फोन करतात. ईमेल पाठवून मोकळं होणं त्यांना पटत नाही. फोन झाला तरी यादीत नावापुढे खूण होत नाही. गाडी काढून जातात, फळी रिकामी झालेली डोळ्यांनी बघतात, मग खूण. या चिकटपणावरून मी त्यांना भरपूर चिडवलंय.

आमचा फ्लॅट बुश या उपनगरातल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. माणसं एकशे चाळीस, मत एक. २०१४ च्या भारतातल्या निवडणुकीत वेगळा सूर लावणाऱ्यांना आम्ही एकेक करून काढलं. काढा म्हणणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होते, खोटं कशाला बोलू? काढलेल्यांत सुशील होता. दर शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये तो मुलांना मराठी शिकवायचा. त्याचं राजकारण आम्हाला नको होतं, पण शिकवणं असं, की मुलं सगळ्यांचीच त्याच्याकडे. माझी ओवीसुद्धा.

२०१८ च्या स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात काका पुढच्या रांगेचं शूटिंग करत होते. राष्ट्रगीत सुरू झालं आणि सुशील पाठ फिरवून लगबगीने चालू लागला. काकांनी फोन खिशात टाकला, सावधान उभे राहिले आणि घरी येऊन ती बारा सेकंदांची क्लिप ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, 'ही बघा यांची देशभक्ती.'

मी कार्यक्रमाला गेलेही नव्हते. पण क्लिप बघून मला काय आनंद झाला! अकरा जणांना ती पाठवली आणि ओवीचा क्लास बंद केला. बावीसपैकी अठरा मुलं दोन शनिवारांत गळाली. उरलेल्या चार मुलांवर क्लास चालेना, म्हणून सुशीलने सप्टेंबरअखेर तो बंद करायचं ठरवलं.

कार्यक्रमानंतर तीन आठवड्यांनी डेपोत जेवणाच्या सुट्टीत जुईने काकांपुढे आपला फोन धरला. ती तिथेच पॅकिंगला असते, आणि तिलाही आम्हीच ग्रुपमधून काढलं होतं. तोच हॉल, तेच राष्ट्रगीत, फक्त मागून घेतलेलं. शेवटच्या रांगेत एक आजी चक्कर येऊन कोसळतायत आणि सुशील धावत येऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतोय.

"हा व्हिडिओ आमच्या, तुम्ही काढलेल्यांच्या ग्रुपवर पहिल्या दिवसापासून आहे," जुई म्हणाली. "तुम्हाला कोण दाखवणार? दाखवू शकेल असा एकही माणूस तुम्ही आत ठेवला नाहीत."

काकांनी पहिला फोन सुशीलला केला. तो एवढंच म्हणाला, "माझं सोडा. मुलं परत येतील का, ते बघा."

संध्याकाळी फोन मला.

"विनिता, मी खराब माल पाठवला. परत घ्यायचाय. तू पुढे कोणाकोणाला दिलास?"

"अकरा जणांना," सांगून मी उखडले. "अहो काका, ग्रुपवर एक सॉरी टाका, स्वीट अ‍ॅज, विषय संपला! सुशीलच्या बाजूचे लोक रोज किती खोटं पाठवतात. ते करतात का कोणाला फोन?"

"त्यांची बॅच त्यांची. ही माझी आहे. तुझ्या अकरा जणांना तू फोन कर."

ग्रुपमधल्या एकेकाला फोन करायला काकांना नऊ दिवस लागले. कोणी फोन आपटला, कोणी फितूर म्हटलं. आजी पडल्या तेव्हा हॉलमध्ये असलेले आमच्यातलेच चौघं म्हणाले, "आम्ही पाहिलं होतं हो, पण कशाला बोला?" आठव्या दिवशी ग्रुपने काकांनाच काढून टाकलं. नवव्या दिवशी त्यांनी राहिलेले फोन केले. मी थक्क होऊन बघत राहिले. तावातावाने बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, मीही त्यातलीच. पण 'मी चुकलो' हे जवळजवळ एकशे चाळीस वेळा म्हणणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मला ते एकदा म्हणायचं होतं, तर जीभ उचलत नव्हती.

शेवटी मीही अकरा फोन केले, 'ती क्लिप चुकीची होती' एवढंच म्हणून. शनिवारी ओवीला म्हटलं, "चल, क्लासला जायचंय."

"बट यू सेड ही वॉज बॅड."

"मी चुकले."

"ओके," म्हणून ती जँडल्स, म्हणजे चपला, घालायला पळाली. एवढंच होतं ते!

हॉलच्या फाटकाशी काका गळालेल्या अठरा मुलांच्या घरांची यादी घेऊन उभे. मी म्हटलं, "अकराही फोन झाले. करा माझ्या नावापुढे खूण."

"फोनला खूण नसते." ओवी दारातून आत गेलेली त्यांनी बघितली, मग पेन उघडलं. अठरांपैकी तेरा खुणा झाल्या होत्या. क्लास वाचला होता.

आत सुशीलने बावीसच्या बावीस खुर्च्या मांडल्या होत्या. मी त्याच्यापुढे जाऊन कसंबसं "चुकले रे" म्हटलं. त्याने मान डोलावली, कोपऱ्यातली आणखी एक खुर्ची उचलली, बाहेर जाऊन काकांच्या शेजारी ठेवली आणि शिकवायला आत आला.

काका बसले नाहीत. पाच मुलं अजून यायची होती.