ताईने मान डोलावली

आमच्या शहरात हौशी सॉफ्टबॉल खेळणाऱ्यांपैकी दोन-चार नावं आदराने घेतली जातात. त्यात माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, नाव पहिलं. विषय माझाही निघतो, पण हसायला. मैदानावर मला सगळे ‘परात’ म्हणतात. चेंडू माझ्यावर आदळतो, मोठा आवाज होतो आणि तो भलतीकडेच जाऊन पडतो.

ताई पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी; मी तिचा कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून तो झेलणारा. मी कॅचर झालो नाही, मला करण्यात आलं. लहानपणी घरामागच्या बोळात तिला चेंडू टाकायला समोर कुणीतरी लागायचं. शेजारची मुलं शहाणी, ती पळून जायची. मी धाकटा आणि पळण्यात मंद, म्हणून सापडलो. “फास्ट टाकतेय हं!” असं ओरडून ती हात गर्रकन फिरवायची आणि खालून चेंडू सोडायची. माझ्या पोटात आधी गोळा यायचा, मग चेंडू यायचा. तेव्हापासून फास्ट बॉल येणार हे कळलं, की माझे खांदे आपोआप कानांना जाऊन भिडतात.

मोठेपणी ती पडद्यांच्या दुकानात कापड कापायला लागली, मी चष्म्याच्या दुकानात लागलो. दिवसभर मी लोकांना नीट दिसावं म्हणून झटतो आणि रविवारी मला समोरून येणारा चेंडू दिसत नाही. हा विनोद संघातल्या प्रत्येकाने स्वतःला सुचल्यासारखा मला ऐकवून झाला आहे. मी दर वेळी हसतो. न हसून सांगतो कुणाला?

कोणता चेंडू टाकायचा, हे कॅचरने पिचरला बोटांच्या खुणेने सुचवायचं असतं. एक बोट म्हणजे फास्ट, दोन बोटं म्हणजे हळू. मी उकिडवा बसून, गुडघ्यांच्या आड हात लपवून इमानेइतबारे सुचवायचो आणि ताई नकारार्थी मान हलवायची. मग मनाला येईल तो चेंडू टाकायची. कधीकधी तर मी सुचवलेलाच टाकायची, पण आधी मान हलवायचीच. काय येणार याचा मला पत्ता नसायचा. इतक्या वर्षांत तिने माझी एक खूण मान्य केली नाही. बायकोकडे गाऱ्हाणं नेलं तर ती म्हणाली, “तिथे निदान तुमचं मत विचारतात तरी.”

गेल्या हिवाळ्यापासून ताई मला वरच्या मजल्यावरून हाका मारायला लागली. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती वर, मी खाली. काम काय, तर वरच्या फळीवरचा डबा काढून दे. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मैदानावरही माझा तळहात लाल होईनासा झाला होता. तिचा फास्ट बॉल संपला होता, आणि मला त्याचं भारी वाईट वाटत होतं.

आमचा कप्तान पेशाने प्लंबर. गळती कुठे आहे हे त्यालाही कळलंच. फायनलच्या सकाळी तो म्हणाला, “ताई, आज बघू. नाही जमलं तर पुढच्या सीझनला तुम्ही मार्गदर्शक.” मार्गदर्शक म्हणजे मैदानाच्या कडेची प्लॅस्टिकची खुर्ची आणि पाण्याची बाटली.

ताईने खुर्चीकडे पाहिलं. “तिचा एक पाय वाकडा आहे,” एवढंच म्हणाली.

शेवटची इनिंग आली. आम्ही एका धावेने पुढे. त्यांचे दोघे आऊट, तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पुरी व्हायच्या शेवटच्या टप्प्यावर, एक जण टपलेला. समोर बॅट घेऊन बेकरीच्या गाडीचा दणकट ड्रायव्हर, त्याचे दोन स्ट्राइक झालेले, तिसऱ्याला आऊट. अजून एकदा चुकला तर कप आमचा आणि पिचरची जागा ताईची. त्याने दणका दिला तर खुर्ची.

मी दोन बोटं दाखवली. दुसरं सुचवण्यासारखं तिच्यापाशी उरलंच नव्हतं. ताईने पाहिलं आणि मान डोलावली. चक्क होकार! माझा ऊर भरून आला, आणि लगेच कसंतरी झालं. ताई माझं ऐकते, म्हणजे ती खरंच थकली. मी खांदे सैल सोडून निवांत बसलो.

आला तो थेट बोळातला फास्ट बॉल. ड्रायव्हरची बॅट फिरेपर्यंत तो माझ्या छातीवर पोचलाही होता. परात वाजली.

तिसरा स्ट्राइक झाला खरा, पण तो चेंडू कॅचरच्या हातून सुटला, की फलंदाजाला पहिल्या बेसकडे पळता येतं; तो तिथे पोचण्याआधी चेंडू त्याला टेकवला, तर तो आऊट. त्यांचा अख्खा संघ “अरे पळ, पळ!” म्हणून बोंबलत होता. ड्रायव्हर मात्र, चेंडू हुकलाच कसा, म्हणून आपल्या बॅटकडे बघत राहिला. मी रांगत जाऊन चेंडू उचलला आणि त्याच्या पोटरीला लावला. अंपायरने हात वर केला. माझ्या कारकिर्दीतला सर्वोच्च क्षण मी असा रांगत गाठला.

“ताई, मान का डोलावलीस? छाती फुटली असती माझी!”

“पॅड बांधलंय ना? अरे, फास्ट येणार हे तुला कळलं की तुझे खांदे कानाला लागतात. तिसऱ्या बेसवरचा ते बघतो आणि खोकून बॅटवाल्याला सांगतो. म्हणून तर इतकी वर्षं तुला कशाचा पत्ता लागू दिला नाही.”

“आणि आज?”

“आज तू निवांत बसलास. तुला बघून तेही निवांत झाले.”

म्हणजे शहराच्या सॉफ्टबॉलला माझं एकमेव योगदान काय, तर मी एकदा बेसावध बसलो.

कप्तान धावत आला. “ताई, पुढच्या सीझनलाही तुम्हीच!”

ताईचा उजवा हात लोंबत होता. तिने डाव्या हाताने चेंडू त्याला दिला. “नको रे. हिवाळ्यापासून एकच शिल्लक ठेवला होता, तो टाकला. ती खुर्ची तेवढी बदल.”

तिची बॅग मी खांद्याला लावली. मला रडू येत होतं आणि ती मात्र सवयीने तरातरा पुढे चालली होती. मी गुडघ्यापाशी दोन बोटं दाखवली. ताईने पाहिलं, मान डोलावली आणि खरोखरच हळू चालायला लागली.

मी तरी खांदे वरच ठेवले. तिचा काय भरवसा!