दुधनीची जुनी मशिनं

अर्ध्या जगातले लिनक्सवाले कॉम्प्युटर जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटमधून चालतात. उरलेलं अर्धं जग त्या वेळी झोपलेलं असतं म्हणून. हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. कुणी विचारत नाही, एवढीच अडचण.

काम असं. आकडेमोडीच्या एका प्रोग्रामिंग भाषेची ढीगभर पॅकेजं फुकट मिळतात, पण कच्ची. ज्याने त्याने आपल्या मशिनवर ती कंपाइल करत, म्हणजे मशिनला पचतील अशी शिजवत बसायचं. तेवढ्यात माणूस म्हातारा होतो. मी ती आधीच कंपाइल करून सर्व्हरवर ठेवतो, लोक आयती उतरवून घेतात. नीट चाललं की कुणी मेल करत नाही. आणि माझं वर्षानुवर्षं नीटच चाललं होतं.

उन्हाळ्यात घरातला कूलर मशिनच्या तोंडावर, मी घामात. पंखे असे घोंघावतात, की खालच्या मजल्यावरच्या मावशींनी एकदा जिन्यातून हाक मारली, "काका, गिरणी टाकली का काय वर?"

"व्हय की! दळण घेऊन या."

मी दार उघडं ठेवलं. त्या काही आल्या नाहीत.

मग मी नवं मशिन घेतलं. वेगाच्या हौसेनं 'याच प्रोसेसरसाठी कंपाइल कर' असा पर्याय टाकला आणि काढायचा विसरलो. म्हणजे स्वतःच्या मापाचे सदरे शिवून गावभर वाटले. नव्या मशिनांवर पॅकेजं सुसाट पळाली, जुन्यांवर उघडताच धाडकन मेली.

सकाळी मेलांचा पूर! सात समुद्रांपलीकडून शिव्या! माझ्या लग्नातही इतकी माणसं माझ्याशी बोलली नव्हती. आणि त्यात एक मेल चक्क आमच्याच जिल्ह्यातल्या दुधनीचा, तिथल्या कॉलेजातल्या सरांचा. मी लगेच नंबर कळवला. त्यांचा फोन आला.

"सर, लॅबमधली मशिनं लई जुनी हायत. उद्या पोरांची प्रॅक्टिकल, आन् सगळं बंद पडलंय."

"मी येतो की! पहाटेच निघतो, एकेक मशिन बघतो."

"या की सर! जेवायला घरीच. गव्हाची गोड हुग्गी करायला सांगतो."

फोन ठेवून मी बसलो. तो पर्याय काढून पुन्हा कंपाइल केलं, तर सगळं इथूनच दुरुस्त होणार होतं. नाही केलं, तर दुधनी, गरम हुग्गी, आणि समोर बसून माझ्या थापा ऐकणारं एक माणूस. पण वाटेत गाडी बंद पडली, तर पोरांनी काय करायचं?

पर्याय काढला. मशिन दुपारभर धापा टाकत होतं. मग मीच मेल केला, आता उतरवून बघा म्हणून. थोड्या वेळानं सरांचा फोन आला.

"चाललं सर! सगळी चालली! आता उन्हातनं कशाला तडफडत येताय?"

"जुनी मशिनं हायत. परत काही झालं तर?"

"न्हाय व्हायचं, सर. तुमचं काम एकदम पक्कं."

"प्रॅक्टिकल कशी झाली ते तरी कळवा," मी म्हणालो. फोन आधीच बंद झाला होता.